मादामच्या हरलेल्या मॅचेस

आमच्या जिन्यात लाल पावलं उमटायची. लक्ष्मीची नव्हेत, चांगली मोठी, बुटांची, नागमोडी नक्षीची. खालच्या दारापासून निघायची, आमच्या दारावरून वळायची आणि वरच्या मजल्यावर मादामच्या पायपुसण्यापाशी संपायची. आज पुसली की उद्या परत हजर.

ज्यांना इकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टुटगार्टच्या बाजूला केअरवोखे म्हणून एक प्रकार आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक छोटी पाटी टांगलेली असते. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर. पाटी आपल्या दारावर आली की परीक्षेला बसल्यासारखं होतं बघा. मी लग्न करून इथं आले तेव्हा मला भाषेच्या आधी केअरवोखे आली. जर्मन मी नंतर शिकले, दुकानातल्या सवलतीच्या कागदांवरून आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून. शाळेत जाऊन नाही.

तर माझ्या पाळीत एकदा मी ती लाल धूळ सुपलीत भरत होते आणि का कोण जाणे, चिमूटभर नाकाशी नेली. मी कोल्हापूरची. माझे थोरले काका तालमीत वस्ताद होते. त्यांच्यासाठी दूध घेऊन मी रोज तालमीपर्यंत जायची, पण फक्त उंबऱ्यापर्यंत. आत हौद्यातली तांबडी माती दिसायची, ताक, हळद, तेल घालून मळलेली, लोण्यासारखी. बाईमाणसानं त्या मातीत पाय ठेवायचा नाही. उंबऱ्यावर भांडं ठेवायचं, हाक मारायची आणि मागे फिरायचं. जिन्यातल्या मातीला ताकाचा वास नव्हता, नुसता भाजलेल्या विटेचा होता. पण रंग तोच.

मादाम वरून उतरत होती. पाठीवर भली मोठी पिशवी, डोक्यावर टॉवेल.

"ही माती कुठली?" मी विचारलं.

"माझी," ती म्हणाली.

आमची ओळख ही अशी झाली. तिला नाव होतं, पत्रपेटीवर लिहिलेलंही होतं, पण सगळी गल्ली तिला मादामच म्हणायची. ती फ्रेंच. मी आधी तिला मान देऊन 'झी' म्हणायची, म्हणजे आपलं अहोजाहो. तिने एक दिवस हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, "आपण दोघी या जिन्यात परक्या. परक्यांनी एकमेकींना परकं करू नये." तेव्हापासून अगंतुगं. तिचं जर्मन नाकातून यायचं, माझं कोल्हापुरी पोटातून. जर्मन लोकांना आमच्या दोघींचं कळायचं नाही, आम्हाला मात्र एकमेकींचं झक्कास कळायचं.

तरुणपणी मादाम टेनिसची व्यावसायिक खेळाडू होती. टीव्हीवर जिची मुलाखत होते तसली नव्हे. टीव्हीवरच्या त्या बाईसमोर पहिल्या फेरीत जी उभी असते, आणि जिचं नाव घेताना निवेदकाची जीभ अडखळते, ती. तिचे वडील फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात नगरपालिकेच्या टेनिस कोर्टाची राखण करायचे. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून ती भिंतीशी खेळून शिकली. "भिंत कधी चुकत नाही," ती म्हणायची, "म्हणून मी पहिल्यापासून हरायलाच शिकले."

आणि तिच्या तोंडी हरण्याशिवाय दुसरी गोष्ट नसायची. आमचे हे निवृत्त झाल्यावर त्यांना एक नवीनच छंद लागला. रविवारी मादाम खाली कॉफीला आली की नकाशातलं एखादं गाव काढायचं आणि तिच्यापुढे टाकायचं.

"पालेर्मो?" हे विचारायचे.

"हरले. डावखुरी होती. वारा समुद्राकडून. हॉटेलच्या खोलीत कबूतर."

"प्राग?"

"हरले. पाऊस. मॅच मधेच थांबली, ती थांबली नसती तर आधीच हरले असते. सूप फार चांगलं."

"अगं मादाम, जिंकलीस कुठे ते तरी सांग!"

मादाम खरंच आठवायचा प्रयत्न करायची. कपाळाला आठ्या घालून बसायची. मग खांदे उडवायची. "जिंकल्यावर काय असतं? हात मिळवायचा, आंघोळ करायची, लवकर झोपायचं, कारण उद्या परत खेळायचंय. हरलं की गाव बघायला वेळ मिळतो."

ह्यांना हे पटेना. यंत्रांचे आराखडे काढण्यात ह्यांचा जन्म गेला, हिशेब जुळला नाही की ह्यांना चैन पडत नाही. हे कुठूनसं शोधून आले की मादाम एकदा पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत गेली होती, म्हणजे पहिली फेरी जिंकली असणारच. पुराव्यासकट तिच्यापुढे ठेवलं. ती म्हणाली, "हो, दुसऱ्या फेरीत हरले. कोपऱ्यातलं कोर्ट, शेजारी मुदपाकखाना. सगळा वेळ बटाटे तळल्याचा वास. मला इतकी भूक लागली होती!" पहिली फेरी तिने तशीच गिळून टाकली.

जर्मनीत ती आली तीही टेनिसमुळेच. इथल्या लहान लहान क्लबांच्या संघांच्या उन्हाळ्यात स्पर्धा असतात, आणि क्लब बाहेरून खेळाडू बोलावतात. फ्रान्सची सरहद्द जवळ. ती शनिवारी आगगाडीने यायची, रविवारी खेळायची आणि रात्री परत. क्लबने तिला खाटकाच्या दुकानावर एक खोली दिली होती. एका उन्हाळ्यात ती रविवारी परत गेलीच नाही. "का?" म्हणून विचारलं तर म्हणे, "गाडी चुकली." लग्नाचं विचारलं तर म्हणे, "एक होता. चांगला होता. पण बोलायला लागलं की सारखा नेटपाशी धावत यायचा, वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही."

तिच्या घरात जेवणाचं टेबल नव्हतं. त्या जागी रॅकेट विणायचं यंत्र. लोक रॅकेट आणून द्यायचे, ती तारा ओढायची, बोटाने छेडून बघायची आणि रॅकेट बघून माणसाचा स्वभाव सांगायची. "हा चिडका आहे, सगळ्या तारा एकाच जागी तुटल्यात." खुर्च्यांच्या पायांना जुने चेंडू कापून बसवलेले, का तर खाली आम्हाला आवाज नको. पण ते यंत्र दुपारच्या शांततेच्या वेळात कुरकुरायचं ते आम्हालाच काय, समोरच्या इमारतीलाही ऐकू जायचं.

आणि बाजू बदलणं. हे तिचं खास. टेनिसमध्ये थोडा खेळ झाला की खेळाडू बाजू बदलतात, मधे जरा बसतात, टॉवेल डोक्यावर घेतात, पाणी पितात. मादाम ते कुठेही करायची. सुपरमार्केटमध्ये, बसथांब्यावर, डॉक्टरच्या दारात. टॉवेल डोक्यावर घेऊन गप्प बसायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई रडतेय. एकदा एका भल्या गृहस्थाने तिच्या हातात रुमाल ठेवला, तिने त्याला अर्धं केळं दिलं. अर्धं केळं तिच्या खिशात कायम असायचं.

भांडणातसुद्धा तेच. ह्यांचं आणि तिचं एकदा चांगलंच जुंपलं. विषय कुठला, तर भात. ती म्हणे भात ही भाजी आहे, तोंडी लावायची. हे म्हणे भात म्हणजे जेवण. आवाज चढले. मादाम उठली, टॉवेल डोक्यावर घेतला, डोळे मिटून बसली. मग उठून ह्यांना म्हणाली, "बाजू बदल. ऊठ." ह्यांना उठवून त्यांच्या खुर्चीत बसली आणि ह्यांच्या बाजूने बोलायला लागली. भात म्हणजे जेवण, भाताशिवाय माणूस उपाशी, असं जोरात. हे गोंधळले. थोड्या वेळाने बघते तो हे तावातावाने सांगतायत, "अगं, पण बटाट्यासारखाच आहे की तो!" मी हसून हसून ओट्याला टेकले. ह्यांच्याशी इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांना स्वतःच्याच विरुद्ध बोलताना मी त्याच दिवशी ऐकलं.

मला टेनिसला ओढलं तेही माझ्या स्वयंपाकघरातूनच. मी पोळ्या करत होते, ती दारात उभी राहून बघत होती. मी पोळी उचलून तव्यावर टाकली, उलथली.

"परत कर," ती म्हणाली.

"काय?"

"मनगट. परत कर ते."

मी आणखी एक पोळी उलथली. ती जवळ आली, माझं मनगट धरून हलवून बघितलं. म्हणाली, "लोकांना हे शिकवताना माझी वर्षं जातात, आणि तू हे गव्हाच्या चकतीवर उधळतेस?"

मी म्हटलं, "बाई गं, माझं वय बघ. आजी आहे मी."

"क्लबमध्ये सगळ्या आज्याच आहेत," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. इकडे साठीच्या पुढच्या बायकांचे वेगळे संघ असतात, त्यांच्या रीतसर मॅचेस होतात. मादाम त्यांच्याच संघात खेळायची आणि त्यांना शिकवायचीही.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? कोर्टाच्या कडेला आले, समोर ती तांबडी माती, पाणी मारलेली, सारखी केलेली. मी बूट काढले. मोजेही काढले. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला आणि अनवाणी आत गेले. मला दुसरं काही सुचलंच नाही. मातीत पायातलं घालून जातात का कधी?

बाकाकडून गुड्रुन ओरडली. गुड्रुन म्हणजे संघाची कप्तान, श्वाबियन, म्हणजे अस्सल इकडची बाई, उंच, सरळ, नियमाची पक्की. "हाल्ट! बुटांशिवाय कोर्टावर यायचं नाही! नियम आहे!"

मादाम माझ्याकडे बघत राहिली. मी मोडक्या जर्मनमध्ये काकांचं, तालमीचं, उंबऱ्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि खाली बसून स्वतःचे बूट काढायला लागली. गुड्रुनला म्हणाली, "तुझा नियम टेनिसच्या बुटांबद्दल आहे. पायांबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही." त्या दिवशी आम्ही टेनिस खेळलोच नाही. दोघी अनवाणी चालत राहिलो, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत. माती गार होती. साठ वर्षं मी उंबऱ्यावर भांडं ठेवून मागे फिरत होते, असं मला वाटलं, आणि आता आत आले.

नंतर बूट घातले हो. मादाम मात्र मॅचआधी वाकून मातीला हात लावायला लागली. प्रतिस्पर्धी बायकांना वाटायचं, कंबर मोकळी करतेय.

आता एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या मातीवर चेंडू पडला की ठसा उमटतो. ठसा पांढऱ्या रेषेला नुसता शिवला तरी चेंडू आत, शिवला नाही तर बाहेर. आमच्या मॅचेसना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपलं आपणच सांगायचं. समोरच्या बाईने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मादामचा सगळा धर्म या एका गोष्टीत होता. कळलं नाही तर पॉइंट समोरच्याचा, शंकेचा फायदा स्वतःला घ्यायचा नाही. मी सरावाला घाईत मराठीतच ओरडायची, 'आत!', 'बाहेर!' तिने ते दोन शब्द उचलले. तिच्या तोंडून 'बाहेर' नीट यायचं नाही, 'बायेऽ' असं यायचं. पण 'आत' अगदी स्वच्छ. खेळ झाला की आम्ही जाळं ओढून माती सारखी करायचो, गोल गोल, बाहेरून आत, सगळे ठसे जाईपर्यंत. "माझ्यासारखंच आहे हे कोर्ट," ती म्हणायची, "सगळं दाखवतं आणि मग विसरून जातं." मी म्हणायची, "तू कुठे विसरतेस? तुझी पालेर्मोची मॅच आमच्या ह्यांनाही पाठ आहे." त्यावर ती म्हणायची, "ती हरलेली आहे ना."

तिच्या डोळ्यांचं मला आधी कळलं, कारण शेजारणीला कळतंच. ती माझ्याकडे बघायच्याऐवजी माझ्या कानाकडे बघायला लागली. कोंबडी बघते तशी, मान तिरकी करून. कॉफी कपाच्या कडेवर ओतायला लागली. तारा बोटांनी चाचपून ओवायला लागली. वसंत ऋतूत एकदा मी जिना पुसत होते तेव्हा ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. टॉवेल डोक्यावर. बाजू बदलायची होती म्हणजे.

"मधलं गेलं," ती म्हणाली. "कडेचं दिसतं. मधोमध बघितलं की करडा डाग. डॉक्टर म्हणाला, हे असंच होत राहणार."

मी तिचा हात धरला.

"मी नेहमी म्हणायचे, ठसा दिसेनासा झाला की रॅकेट ठेवीन," ती म्हणाली. "पण मला हा उन्हाळा हवाय. शेवटची मॅच मला कोर्टावर उभी राहून संपवायचीय. खोटा चेंडू न सांगता. एवढंच. गुड्रुनला सांगू नकोस. तिला कळलं तर ती मला घोंगडीत गुंडाळून बाकावर बसवेल आणि केक भरवेल."

"आणि चेंडू कसा दिसणार गं तुला?"

"चेंडू कुठे बघायचा असतो? तो ऐकायचा असतो. ठसा मात्र ऐकू येत नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही, आणि हे मला जमणं म्हणजे किती अवघड, ते मला ओळखणारे सांगतील.

त्या उन्हाळ्यात मादाम फक्त डबल्स खेळली. खेळायची छानच, आवाजावर. पण रेषेच्या आसपास काही पडलं की हात आडवा करायची, म्हणजे आत, म्हणजे पॉइंट तुमचा. एखादा चेंडू तर वितभर बाहेर असायचा. गुड्रुन कुंपणापाशी दात खायची. "आल्झो, ही बाई पॉइंट वाटत सुटलीय! वाढदिवस आहे का कुणाचा?" आमचा संघ हळूहळू तळाला गेला, आणि शेवटच्या घरच्या मॅचला अशी वेळ आली की जिंकलं तर याच वर्गात राहणार, हरलं तर खालच्या वर्गात जाणार.

त्याच आठवड्यात मादामची जोडीदार चेरी काढताना शिडीवरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. माझं नाव गुड्रुनने हिवाळ्यात यादीच्या तळाला नुसतं जागा भरायला घातलेलं. ती आमच्या दारात आली. मी बटाटेवड्यांचं सारण करत होते, कारण इकडे मॅचनंतर पाहुण्या संघाला जेवू घालायची पद्धत आहे आणि ते काम माझ्याकडे होतं.

"तुला खेळावं लागेल," गुड्रुन म्हणाली.

"आणि वडे?"

"वडेही."

मादामला वरून सगळं ऐकू आलं होतं. जिन्यातूनच म्हणाली, "तू कोपऱ्यात उभी राहा आणि पोळी उलथ. बाकी मी बघते." मग तिचं तिलाच हसू आलं. "म्हणजे, ऐकते."

मॅचचं सगळं सांगत बसत नाही. बाकीच्या सामन्यांत दोन्ही संघ बरोबरीत आले आणि सगळं आमच्या डबल्सवर येऊन ठेपलं. आमचे हे कुंपणाबाहेर पांढरी टोपी घालून उभे, चेहरा असा की मुलीचं लग्न आहे. मी पोळ्या उलथत होते. खरं सांगते, काही पलीकडे गेल्याही. समोरच्या दोघी चांगल्या होत्या, मागेमागे उंच चेंडू टाकायच्या. मादाम मान तिरकी करून ऐकायची आणि बरोबर तिथे पोचायची. शेवटी त्यांना एकच पॉइंट हवा होता. तो आम्ही वाचवला असता तर बरोबरी होती, आणि त्या दोघी दमल्याही होत्या.

चेंडू उंच आला, मादामच्या डोक्यावरून मागच्या रेषेपाशी पडला. ठप. मादाम वळली. त्या दोघी थांबल्या. गुड्रुनची बोटं कुंपणाच्या जाळीत. आता मादामने सांगायचं होतं, आत की बाहेर.

नेहमीसारखा हात आडवा करील असं मला वाटलं. तिने नाही केला. ती ठशापाशी गेली, वाकली, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. तिला काय दिसतंय ते मला ठाऊक होतं. करडा डाग, आणि डागाच्या कडेने माती.

मग तिने सगळ्यांदेखत मला हाक मारली. "इकडे ये. मला दिसत नाही. तू बघ."

मी जवळ गेले. हळूच म्हटलं, "देऊन टाक की. तू नेहमी देतेस."

"सगळा उन्हाळा मी अंदाजाने दिले," ती म्हणाली. "हा शेवटचा आहे. हा मला खरा हवाय. तू बघ आणि जे असेल ते सांग."

मी गुडघ्यांवर बसले. गुडघे कटकटले, ते पलीकडच्या बाईलाही ऐकू गेले असतील. ठसा लांबट होता, अंड्याएवढा. रेषेपर्यंत आला होता. मी वाकले, आणखी वाकले, नाक मातीला लागायचं बाकी राहिलं. मधे माती दिसावी असं मला किती वाटत होतं! एक कण तरी. गुड्रुनचं तोंड मला न बघताही दिसत होतं. मादामचा श्वास माझ्या डोक्यावर ऐकू येत होता. पण ठशाची कड रेषेला शिवली होती. नुसती शिवली होती, पण शिवली होती. मातीत डोकं घालून बसल्यावर खोटं कसं बोलणार?

"आत," मी म्हणाले. मराठीतच आलं तोंडून.

समोरच्या दोघींना कळेना. गुड्रुन ओरडली, "काय? काय म्हणाली ती?"

मादाम सरळ उभी राहिली. तिने हात आडवा केला, तळवा जमिनीकडे, अगदी शांतपणे. मग बुटाने तो ठसा पुसला आणि नेटकडे चालत गेली हात मिळवायला. तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की त्या दोघींना वाटलं, आपणच हरलो.

गुड्रुन फाटकातून आत आली ती तरातरा. "मी उभी होते तिथून तो बाहेर दिसत होता!"

"तू कुंपणाबाहेर, केकच्या टेबलापाशी उभी होतीस," मी म्हणाले.

"गुड्रुन," मादाम म्हणाली, "माझे डोळे गेलेत. वसंतापासून."

गुड्रुन बाकावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे सगळा उन्हाळा जे पॉइंट तू दिलेस..."

"त्यातले काही आत होते."

"काही?"

"काही," मादाम म्हणाली.

आणि गुड्रुन, जी केक खातानासुद्धा हसत नाही, ती इतकी हसली की तिने मादामचाच टॉवेल ओढून डोळे पुसले. मग उठली, जाळं घेतलं आणि मादामच्या हातात एक दोरी दिली, दुसरी स्वतः धरली. दोघींनी कोर्ट सारखं केलं, गोल गोल, बाहेरून आत. मी वडे तळायला गेले. पाहुण्या बायकांनी एक वडा शिल्लक ठेवला नाही, आणि त्यांची कप्तान मला लसणाच्या चटणीची कृती विचारत बसली. ह्यांनी मादामला विचारलं, "मग? वाईट वाटतंय?" ती म्हणाली, "वाईट? अरे, माझ्याकडे आता एक नवीन मॅच आहे!"

आम्ही खालच्या वर्गात गेलो. तिथल्या बायका केक फार सुरेख करतात. गुड्रुनही आता ते मान्य करते.

पानगळीत मादाम तिच्या गावी बहिणीकडे राहायला गेली, समुद्रकाठी. जायच्या आठवड्यात केअरवोखेची पाटी तिच्या दारावर होती. तिने चाचपत चाचपत सगळा जिना पुसला, कोर्टाच्या रेषा झाडायच्या ब्रशनेच, आणि पाटी स्वतः माझ्या दारावर आणून टांगली. रॅकेट मला दिली. मी विचारलं, "तू काय करणार?" ती म्हणाली, "गोष्टी सांगणार. तिकडे सगळे म्हातारे आहेत, कुणाला घाई नाही."

जिना आता स्वच्छ असतो. तसा फारच स्वच्छ. मी सरावाहून येताना बूट मुद्दाम बाहेर झटकत नाही.

दर रविवारी दुपारी फोन येतो. हे धावत उचलायला जातात, पण तो माझ्यासाठी असतो. पलीकडे कपबश्यांचा आवाज, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, आणि मादामचं फ्रेंच, भरधाव. मला फ्रेंच येत नाही, पण कुठवर आलंय ते सुरावरून कळतं. आता चेंडू उंच गेला. आता ती वळली. आता मी गुडघ्यांवर बसले. मग ती थांबते. पलीकडे सगळे चिडीचूप होतात. ती फोन त्यांच्याकडे धरते, हे मला दिसतंच.

"बोल," ती मला जर्मनमध्ये म्हणते. "काय होता तो?"

मी गॅस बारीक करते, पदराला हात पुसते, फोन तोंडाशी नीट धरते आणि कोल्हापूरच्या तालमीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते:

"आत!"